आईचा आरए फॅक्टर आणि राहून गेलेला एक्स-रे



पोस्ट लांब आहे. मुलं झोपल्यावर निवांत वाचा. आईला विचारून लिहिते आहे. "माझं नाव नको, फोटो नको, बाकी काय ते लिही. कुणाच्या तरी आईच्या कामाला येईल," असं ती म्हणाली.

मी सीए आहे, डॉक्टर नाही. खाली जे वैद्यकीय लिहिलंय ते मिरजेच्या डॉक्टरांनी आणि इथल्या टीबी नर्सने मला समजावलं, आणि नंतर सवयीप्रमाणे मी स्वतः बसून वाचलं. तेव्हा ही पोस्ट वाचून कुणी आईबाबांची औषधं बदलू नका, बंद तर मुळीच करू नका. स्टेरॉइड तर मनाने एकदम बंद करायचंच नसतं.

आम्ही रेडिंगला राहतो. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊ. आई ६८ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, बाबा गेल्यापासून सांगलीला एकटी. दादा-वहिनी पुण्यात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असते तशी आमच्याकडेही कामाची वाटणी झालेली आहे. दादाने धावपळ करायची, वहिनीने औषधं संपली का बघायचं आणि मी रिपोर्ट बघायचे. दादा मला "रिपोर्ट डिपार्टमेंट" म्हणतो. माझ्याकडे "आई - तब्येत" नावाची एक्सेल शीट आहे. तारीख, तपासणी, आकडा, नॉर्मल किती, पुढे काय करायचं, झालं की नाही. वाढलेल्या आकड्याला लाल रंग आपोआप येतो. मला त्या शीटचा फार अभिमान होता.

२०२४ च्या जुलैमध्ये आई आमच्याकडे आली. सात आठवडे राहिली. धाकट्याच्या खोलीत तिचा पलंग टाकला होता, कारण त्याला झोपताना आजीच्या गोष्टी हव्या होत्या. तिला थोडा खोकला होता. "तुमच्याकडची ती कार्पेटची धूळ गं," असं म्हणायची आणि आम्ही मान डोलवायचो. मी व्हॅक्यूम जास्त वेळा मारायला लागले. जेवण थोडं कमी झालं होतं, तर मला वाटलं, इथल्या भाज्यांना चव नाही म्हणून. ऑगस्टच्या शेवटी ती परत गेली.

सप्टेंबरमध्ये गुडघे आणि घोटे दुखायला लागले. सकाळी उठवेना. घोटे सुजायचे. सांगलीच्या घराला अकरा पायऱ्या आहेत, त्या ती बसत बसत उतरायला लागली. दादाला ऑफिसमधून सुट्टी मिळेना, तेव्हा मी इथून ऑनलाइन "सांधेदुखी प्रोफाइल" बुक केलं. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर पीडीएफ.

आरए फॅक्टर ८४, नॉर्मल २० च्या आत. अँटी-सीसीपी ३१, तेही २० च्या आत हवं. एएनए १:८० ला पॉझिटिव्ह. ईएसआर ९६. शीटमध्ये चारही खाने लाल झाले.

मी रात्री एक वाजेपर्यंत गूगल केलं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वतःच्या सांध्यांवर उलटते. सकाळी फॅमिली ग्रुपवर मी निदान जाहीर करून टाकलं. मावशीने लगेच लिहिलं, आपल्या आजीलाही वाताचा त्रास होता. म्हणजे घराण्यातच आहे. ट्रायल बॅलन्स टॅली झाला.

सांगलीतल्या डॉक्टरांकडे दादा आईला घेऊन गेला. रिपोर्ट मीच पुढे पाठवले होते, वर "आरए असावा" अशी टीपही मीच जोडली होती. आता आठवलं की लाज वाटते. त्यांनी कमी डोसमध्ये स्टेरॉइड सुरू केलं आणि दोन एक्स-रे लिहून दिले, हातांचा आणि छातीचा. दोन्ही घेऊन दोन आठवड्यांनी या, मग पुढचं औषध ठरवू, असं सांगितलं. हातांचा त्याच दिवशी झाला, त्यात काही निघालं नाही. छातीच्या एक्स-रेला रांग होती. आई म्हणाली, "अरे, मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या वेळी काढलाय की छातीचा. तोच दाखवू." दादाने मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, असेल तर चालेल. आणि शीटमध्ये "छातीचा एक्स-रे" या ओळीपुढे "झालं" लिहिलं.

पुण्यात आर्टिकलशिप करत असताना आमचे सर एक गोष्ट डोक्यात खिळ्यासारखी ठोकायचे. तोंडी सांगितलेलं वाउचर नसतं. क्लायंट कितीही सज्जन असला, तुमच्या गावचा असला, चहाबरोबर भजी देत असला तरी कागद बघितल्याशिवाय टिक करायची नाही. वीस वर्षं मी हे माझ्या ज्युनियर मुलांना सांगत आले. आणि आईच्या छातीचा एक्स-रे मी कागद न बघता टिक केला, कारण क्लायंट माझी आई होती.

स्टेरॉइडने दहा दिवसांत चमत्कार केला. आई पायऱ्या उभ्याने उतरायला लागली, आम्ही सगळे खूश. बरं वाटतंय म्हणून दोन आठवड्यांची भेटही पुढे ढकलली गेली, औषध मात्र चालू राहिलं. स्टेरॉइडने सूज उतरते, दुखणं कमी होतं, भूकही लागते. पण शरीरात टीबीचा जंतू असेल तर त्याला जी प्रतिकारशक्ती आवरून धरत असते तीच स्टेरॉइडने ढिली पडते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर व्हिडिओ कॉलवर मला तिच्या ब्लाउजच्या बाह्या दिसल्या. मोकळ्या लोंबत होत्या. मी विचारलं, वजन केलंस का? "काटा बिघडलाय," म्हणाली. बोलता बोलता तीन वेळा खोकून थांबली. शेवटी वहिनी चार दिवस सांगलीला जाऊन राहिली, तेव्हा कळलं की रोज संध्याकाळी कणकण असते आणि पहाटे पाठ घामाने भिजते. वजन ५८ वरून ४९ झालेलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटी गेले. मुलं नवऱ्याकडे सोपवून. सांगलीला पोचले त्याच दिवशी तिला मिरजेला नेलं. बाहेरगावच्यांसाठी सांगते, मिरज आमच्याकडे दवाखान्यांचं गाव आहे, कर्नाटकातूनही लोक येतात. छातीच्या डॉक्टरांनी माझी सुबक छापलेली एक्सेल शीट बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "एक्स-रे कुठाय?"

मी आईकडे बघितलं. आई खाली बघत होती. "तेव्हा काढणार होते, पण काढलाच नाही."

अर्ध्या तासात एक्स-रे झाला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग आणि त्यात एक पोकळी. बेडका तपासायला दिला, सीबीनॅट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, क्षयाचे जंतू आहेत, रिफाम्पिसिनला दाद देणारे आहेत. ही दुसरी गोष्ट चांगली बातमी असते, हे मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता माझा मुख्य मुद्दा. मी डॉक्टरांना विचारलं, "मग ते आधीचे रिपोर्ट चुकीचे होते? लॅबवर तक्रार करू का?" मला कुणीतरी दोषी हवं होतं. ते म्हणाले, "लॅबचं काही चुकलं नाही. आकडे खरे आहेत. तुम्ही ते ज्या खात्यात टाकलेत ते खातं चुकलं."

सीएला तिच्याच भाषेत ऐकवलं. मग त्यांनी पंधरा मिनिटं दिली, त्या गर्दीत.

आरए फॅक्टर ही आपल्याच अँटीबॉडीच्या शेपटाला चिकटणारी एक अँटीबॉडी असते. आमवातात ती सापडते हे खरं, पण फक्त आमवातातच सापडते हे खरं नाही. शरीरात एखादं इन्फेक्शन महिनोन् महिने मुक्काम ठोकून असलं की ती वाढते. क्षय, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन, काही कावीळ. तब्येत ठणठणीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांतही कधी कधी असते. क्षयाचा जंतू अतिशय आळशी आहे, एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे वीस तास लागतात. साधे जंतू हे काम वीस-तीस मिनिटांत उरकतात. तो हळूहळू वाढतो, मरता मरत नाही, आणि तेवढा सगळा काळ प्रतिकारशक्ती जागी राहून अँटीबॉडी काढत राहते. त्या गर्दीत काही भलत्याही निघतात, स्वतःच्या शरीराला चिकटणाऱ्या. त्याच आपल्या रिपोर्टमध्ये लाल होऊन दिसतात.

प्रतिकारशक्तीला चिडवण्यात क्षयाचा जंतू इतका पटाईत आहे की प्रयोगशाळेत त्याचा तसा वापरच करतात. मेलेले क्षयाचे जंतू तेलात घोटून एक मिश्रण बनवतात, त्याला फ्रॉइंड यांचं नाव आहे. प्राण्यांत कुठल्याही पदार्थाविरुद्ध जोरदार प्रतिक्रिया हवी असेल तर त्यात हे मिसळायचं. १९५६ मध्ये पिअर्सन नावाच्या संशोधकाने दाखवलं की हे मिश्रण उंदरांना टोचलं तर त्यांचे सांधे सुजतात. जंतू मेलेले, सांध्यात एकही नाही, तरी सांधे सुजलेले. हे वाचलं तेव्हा मला आईचे घोटे आठवले.

कारण माणसातही असं होतं. अंतोनिन पोन्से नावाच्या फ्रेंच सर्जनने १८९७ मध्येच वर्णन केलंय. टीबी शरीरात दुसरीकडे आणि दुखतात सांधे, बहुतेकदा घोटे आणि गुडघे. सांध्यातलं पाणी काढलं तर त्यात जंतू मिळत नाहीत. टीबीचं औषध सुरू केलं की सांधे आपोआप बरे होतात. आमवातात बहुधा हाताच्या बोटांचे लहान सांधे आधी धरतात. आईच्या बोटांना कधीच काही झालं नव्हतं. ती तेव्हाही सुईत दोरा ओवत होती. हे मी रोज व्हिडिओवर बघत होते आणि शीटमध्ये त्याला खानाच नव्हता.

अँटी-सीसीपीचं मला जास्त आश्चर्य वाटलं, कारण गूगलवर सगळीकडे लिहिलेलं असतं की ही तपासणी आमवातासाठी फार नेमकी आहे. आहेही. पण इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये फुफ्फुसाचा टीबी असलेल्या ४७ रुग्णांचं रक्त तपासून प्रसिद्ध केलं, तर त्यातल्या ६२ टक्क्यांत आरए फॅक्टर आणि ३२ टक्क्यांत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह निघालं. आमवात नसताना. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेतल्या एका संधिवाताच्या नियतकालिकात याचा अर्धा उलगडा आला. सूज असलेल्या जागी आपल्या प्रथिनांतल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन होतं, आणि आमवाताच्या अँटीबॉडी नेमक्या त्या बदललेल्या भागाला चिकटतात. टीबीवाल्यांच्या अँटीबॉडी मात्र बदललेल्या आणि न बदललेल्या, दोन्ही तुकड्यांना चिकटत होत्या. नेहमीच्या किटमध्ये फक्त बदललेला तुकडा असतो. त्यामुळे किट दोघांनाही "पॉझिटिव्ह" म्हणतं. किट खोटं बोलत नाही, त्याला विचारलं तेवढंच सांगतं.

आणि एएनए. त्याबद्दल तर मी उगाच रडले होते. १९९७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत पूर्णपणे निरोगी माणसांपैकी सुमारे १३ टक्के लोक १:८० ला पॉझिटिव्ह होते. म्हणजे आमच्या ऑफिसमधल्या तीस जणांच्या मजल्यावर चारजण निघतील. शिवाय टीबीवरच्या आयसोनियाझिड या गोळीनेही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतं. दोन महिन्यांनी मी "आता परत सगळं प्रोफाइल करून घेऊ का?" असा मेसेज केला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कशासाठी? आकडा आला तर त्यावर काय करणार आहात?" मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. उत्तर नव्हतं.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. आमवात हा खरा आजार आहे, त्यात उशीर केला तर बोटं वाकडी होतात, आणि एकाच माणसाला आमवात आणि टीबी दोन्ही असू शकतात. बोटांचे सांधे सुजलेले आणि अँटी-सीसीपी खूप वाढलेलं, तर कुणी "हे टीबीने असेल" म्हणत बसू नये. पण प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्यापूर्वी टीबी आहे का हे बघणं, ही पायरी टाळायची नाही. २००१ मध्ये आमवातावरच्या इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनबद्दल अमेरिकेत अहवाल आला, ते घेणाऱ्या ७० जणांना टीबी झाला होता. तेव्हापासून तसली इंजेक्शनं देण्याआधी टीबीची तपासणी करणं हा नियमच झाला. आणि आपले आईबाबा भारतात राहतात. २०२३ मध्ये जगात नव्याने टीबी झालेले १ कोटी ८ लाख लोक होते, त्यातले २८ लाख एकट्या भारतातले. म्हणजे चारातला एक.

त्या रात्री सांगलीच्या घरी मी आईवर चिडले. चिडायला नको होतं, पण चिडले. "काढला नव्हता तर काढलाय का म्हणालीस?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तिच्या काकांची गोष्ट सांगितली. मला पन्नास टक्केच माहीत होती. ती लहान असताना तिचे काका वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होते, सांगली आणि मिरजेच्या मध्ये आहे ते. बरे होऊन आले तरी त्यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा. मुलांना सांगितलेलं, काकांच्या खोलीत जायचं नाही. आईचं लग्न ठरत होतं तेव्हा एका स्थळाने याच कारणाने नाही म्हणून कळवलं. "मला उन्हाळ्यातच वाटत होतं गं," ती म्हणाली. "खोकला जात नव्हता ना. पण तुझा मेसेज आला, संधिवात आहे म्हणून. मला एवढं बरं वाटलं. संधिवात म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात. टीबी म्हटलं की आपली खुर्ची लांब नेतात."

मग तिने विचारलं, "मुलांना काही होणार नाही ना?"

मीही दोन दिवस तोच विचार करत होते. सात आठवडे, एकच खोली.

मी तिथूनच रेडिंगला आमच्या जीपीला फोन केला. तीन दिवसांत टीबी नर्सचा फोन आला. मला वाटलं होतं की आता प्रश्नांचा भडिमार होईल, कुणी व्हिसाबद्दल विचारेल, शाळेत बोभाटा होईल. असं काहीही झालं नाही. तिने शांतपणे आई कधी आली, कधी गेली, कोण किती तास एका खोलीत होतं, विमानाची तारीख काय, हे विचारून घेतलं. आपल्यापैकी जे इंग्लंडात आहेत त्यांच्यासाठी सांगते, इथे टीबीची तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत असतात, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांनाही. आणि सहा महिन्यांपेक्षा कमी मुक्कामाच्या व्हिसाला टीबीची तपासणी मागत नाहीत, त्यामुळे "व्हिसा मिळाला म्हणजे सगळं तपासलेलं असणार" हा माझा समजही चुकीचाच होता.

आम्हा चौघांचं रक्त तपासलं. मुलांना लहानपणी बीसीजी दिलेली होती, पण रक्ताच्या या तपासणीत बीसीजीमुळे गोंधळ होत नाही. थोरली, नवरा आणि मी निगेटिव्ह. धाकटा पॉझिटिव्ह.

छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. तो मी स्वतःच्या डोळ्यांनी स्क्रीनवर बघितला, दोनदा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा सुप्त टीबी आहे. जंतू शरीरात शिरलाय, पण झोपलेला आहे. मुलगा आजारी नाही, त्याच्यापासून कुणालाही लागण होणार नाही, शाळेला सांगायची गरज नाही. पुढे कधी जागा होऊ नये म्हणून तीन महिने दोन औषधं घ्यायची, रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड. उपाशीपोटी, सकाळी. मधून मधून लिव्हरसाठी रक्त.

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "आजीमुळे झालं का?"

"हवेमुळे," मी म्हटलं.

"पण आजीच्या हवेमुळे ना?"

नऊ वर्षांच्या मुलाला फसवता येत नाही. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग आजीला सांगू नकोस हं. ती रडेल." आम्ही घरात तसंच ठरवलं, दादालाही तंबी दिली.

आईचं औषध डिसेंबरमध्येच सुरू झालं होतं. पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे गोळ्या. सरकारकडून फुकट. निक्षयवर तिची नोंद झाली आणि पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात जमा व्हायला लागले. "मला पेन्शन आहे, मी कशाला घेऊ?" यावरून तिने आरोग्यसेविकेशी वाद घातला आणि शेवटी त्या पैशांची अंडी आणि शेंगदाणे आणून त्याचा हिशोब वहीत लिहून ठेवला. मी कुणावर गेले ते तुम्हाला कळलंच असेल. स्टेरॉइड डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केलं. दोन-अडीच आठवड्यांनी त्यांनी सांगितलं, आता लागणीची भीती नाही, शेजारी येऊन बसायला हरकत नाही. जानेवारीच्या मध्यापर्यंत घोटे पूर्ण उतरले होते. जूनमध्ये कोर्स संपला, वजन ५६. त्यानंतर डॉक्टरांनीच एकदा आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी करून घेतलं, आमवात खरंच मागे राहिलेला नाही ना हे बघायला. आरए फॅक्टर २२, अँटी-सीसीपी निगेटिव्ह.

शीट अजून आहे. लाल रंगाचं फॉर्म्युला मी काढून टाकलं. आता पहिल्या चार खान्यांत आकडेच नाहीत. खोकला किती दिवस, वजन किती, संध्याकाळी ताप, रात्री घाम. भारतात दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की बेडका तपासायला सांगतात. माझी आई सात आठवडे माझ्या घरात खोकत होती. शेवटचा खाना "कागद बघितला का" असा आहे, आणि त्यात "हो" लिहायचं असेल तर त्या कागदाचा फोटो लागतो. दादा वैतागतो. वैतागू दे. आणि मी आता डॉक्टरांना रिपोर्टबरोबर निदान पाठवत नाही. आईला काय होतंय ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नेहमीचा कॉल चालू होता. मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते, धाकटा आयपॅड घेऊन आजीशी बोलत होता. मला ऐकू आलं, "आजी, तुला एक सीक्रेट सांगू? माझी शू ऑरेंज होते."

मी गॅस बंद केला. रिफाम्पिसिनने होते तशी. आईलाही तीच गोळी होती, तिला न कळण्यासारखं काही नव्हतंच. पलीकडे एकदम शांतता. मी हात पुसत बाहेर आले तर स्क्रीनवर तिने चष्मा काढला होता आणि पदराने डोळे पुसत होती. धाकटा माझ्याकडे बघायला लागला, आता आई ओरडणार म्हणून.

मग तिने चष्मा लावला, घसा साफ केला, आणि वर्गात विचारायची त्या आवाजात विचारलं, "नीट सांग बरं. संत्र्यासारखी, की झेंडूसारखी?"

"झेंडू म्हणजे काय?"

"थांब, दाखवते," म्हणाली आणि फोन हातात घेऊन अंगणातल्या कुंडीकडे निघाली. अकरा पायऱ्या, उभ्याने.